काम अडलंय कुठे? चालढकलीबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या धंद्यांतून पुन्हा पुन्हा आली आहे: काम येतं, जमतंही, तरी त्याला हात लागत नाही. नोकरीत विचारणारा साहेब असतो. स्वतःच्या धंद्यात विचारणारं कुणी नसतं आणि उशिराचं नुकसान मात्र स्वतःच्याच खिशातून जातं. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत. नावं छापलेली नाहीत.

ड्रॉइंग येतं, कोटेशन जात नाही

*भोसरीत माझं छोटं मशिन शॉप आहे. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी ही संगणकावर चालणारी मशिनं, एक साधा लेथ, सात माणसं. चौकशीचा ई-मेल येतो, सोबत ड्रॉइंग असतं. मी उघडतो, बघतो आणि ‘संध्याकाळी शांतपणे करू’ म्हणून बंद करतो. असे आठ-दहा दिवस जातात. तोवर पार्टीने ऑर्डर दुसरीकडे दिलेली असते. मशिनवर मात्र मी दहा तास उभा राहतो, तिथे कंटाळा येत नाही. हा आळसच का? — लघुउद्योजक, भोसरी*

आळस नाही. दहा तास मशिनवर उभं राहणाऱ्या माणसाला तो शब्द लावूच नये, कारण तो लावला की खरं कारण शोधायचं राहून जातं.

‘कोटेशन करणं’ हे एक काम नाही. ड्रॉइंग वाचायचं, मटेरियलचा दर विचारायचा, वजन काढायचं, सायकल टाइमचा, म्हणजे एका नगाला मशिनवर लागणाऱ्या वेळेचा, अंदाज बांधायचा, प्लेटिंगवाल्याला फोन करायचा, नफा ठरवायचा, मग टाइप करून पाठवायचं. मेल उघडल्यावर ही सगळी कामं एकदम अंगावर येतात. त्यात दराची धास्ती असते. जास्त लावला तर ऑर्डर जाईल, कमी लावला तर वर्षभर अंगावर पडेल. पीअर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरचे शेकडो अभ्यास एकत्र तपासले. काम जितकं नावडतं आणि ते नीट पार पडेल याची खात्री जितकी कमी, तितकी चालढकल जास्त, असं त्यांना दिसलं. फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये याच्या मुळाशी असलेली गोष्ट मांडली: टाळणारा माणूस त्या क्षणापुरता आपला मूड सावरत असतो. मेल बंद करताना जो हुश्श वाटतो, ते टाळल्याचं बक्षीस. ते एकदा मिळालं की पुढचा मेल बंद करणं आणखी सोपं होतं. मशिनवर कंटाळा येत नाही, कारण तिथे पुढची हालचाल कोणती हे हाताला ठाऊक असतं.

म्हणून कोटेशनलाही तशी पहिली हालचाल हवी. ड्रॉइंग आलं की त्याची प्रिंट काढा. लाल पेनने चारच गोष्टींना गोल करा: मटेरियलची ग्रेड, सगळ्यात कडक टॉलरन्स (मापात चालणारा फरक), हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंग, आणि संख्या. दहा मिनिटांचं काम. यातलं काही लिहिलेलं नसेल तर तेव्हाच उत्तर पाठवा: ‘ड्रॉइंग मिळालं. मटेरियल ग्रेड आणि लॉटची संख्या कळवा. कळल्यावर दोन कामाच्या दिवसांत दर देतो.’ या एका मेलने पार्टी थांबते आणि तुमच्यावर बाहेरच्या माणसाला दिलेली तारीख येते. मनाशी ठरवलेल्या तारखेला ते वजन नसतं.

मग ड्रॉइंगचे तीन गठ्ठे करा. आधी केलेल्या पार्टसारखा पार्ट असेल तर जुनं कोटेशन काढून दर सुधारायचे आणि त्याच दिवशी पाठवायचं. नवा पण सोपा असेल तर दोन दिवस. आपल्या मशिनवर बसणारच नाही असा असेल तर त्याच दिवशी रिग्रेट, म्हणजे नकार, कळवायचा. बहुतेकांकडे तुंबलेल्या चौकशांत या तिसऱ्या प्रकारच्या बऱ्याच असतात. ‘नाही’ म्हणायचं अवघड वाटतं म्हणून त्या पडून राहतात आणि त्यांच्याखाली चांगल्या चौकशा दबतात. वेळेवर रिग्रेट कळवणाऱ्याला परचेसवाला पुढच्या वेळी पुन्हा विचारतो. गप्प बसणाऱ्याचं नाव यादीतून जातं.

धास्ती घालवायची तर मशिनचा तासाचा दर कागदावर पाहिजे. इथली नेहमीची चूक नीट पाहा, कारण पुष्कळांच्या भीतीचं मूळ तिथे असतं. समजा एका सीएनसीचा महिन्याचा खर्च, म्हणजे हप्ता किंवा घसारा, वीज, ऑपरेटर, इन्सर्ट, कूलंट आणि भाड्यातला वाटा मिळून, १,१७,००० रुपये आहे. दोन पाळ्या, २६ दिवस, आठ तास असे ४१६ तास होतात. त्याने भागलं की दर येतो २८१ रुपये. पण सेटिंग, बिघाड, वीज जाणं आणि मटेरियलची वाट पाहणं वजा केल्यावर प्रत्यक्ष कटिंगचे तास २६०च असतील, तर खरा दर ४५० रुपये आहे. २८१ने कोटेशन दिलेल्याला दर ऑर्डरीत मार बसतो, मग पुढचं कोटेशन द्यायला त्याचा हात कचरतो. तुमचे खरे तास किती, ते महिनाभर मशिनवर एक वही लटकवून लिहा.

आता एक पार्ट करून पाहू. ५० मि.मी. व्यासाच्या ईएन-८ ग्रेडच्या स्टील बारमधून २०० मि.मी. लांबीचा शाफ्ट, संख्या ५०. फेसिंग आणि पार्टिंगला ५ मि.मी. धरा, म्हणजे कटिंग लांबी २०५. गोल बारच्या वजनाचं सूत्र सगळ्या शॉपमध्ये पाठ असतं: व्यास गुणिले व्यास, भागिले १६२, आलं मीटरचं वजन. इथे १५.४३ किलो. २०५ मि.मी.ला ३.१६ किलो. किलोला ८० रुपये धरले तर मटेरियल २५३ रुपये. सायकल टाइम १४ मिनिटं, सेटिंगची ४० मिनिटं ५० नगांवर वाटली की नगाला ०.८, एकूण १४.८ मिनिटं. ४५० रुपये तासाने १११ रुपये. दोन्ही मिळून ३६४. दोन टक्के रिजेक्शनचे ७, पॅकिंग-वाहतुकीचे १०, झाले ३८१. त्यावर २० टक्के नफा धरला तर ४५७ रुपये, जीएसटी वेगळा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घाला. पाहण्यासारखी गोष्ट अशी की कागदावर दर तयार असले तर हा सगळा हिशेब पंधरा मिनिटांच्या आत बसतो. आठ दिवस खाणारं काम एवढंच होतं.

वेळेबद्दल. ‘संध्याकाळी’ ही वेळ नव्हे, संध्याकाळी डोकं थकलेलं असतं. पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनात असं वारंवार दिसलं की ‘हे करीन’ यापेक्षा ‘अमुक घडलं की तमुक करीन’ असं बांधून ठेवलेलं काम जास्त वेळा पार पडतं. तुमच्या दिवसात अशी खूण आयतीच आहे: सकाळचा पहिला पीस ओके झाला की केबिनमध्ये बसायचं आणि एक ड्रॉइंग हातावेगळं करायचं. त्यानंतर फोन.

दोन ठिकाणी हे बिघडतं. दरपत्रक जुनं होतं आणि माणूस पुन्हा साशंक होतो. म्हणून मटेरियलचे दर दर महिन्याच्या १ तारखेला बदला आणि कोटेशनवर ‘वैधता १५ दिवस’ लिहा. दुसरं, काही जण कोटेशन सोडून कॉस्टिंगची भारी एक्सेल शीट बनवायला बसतात आणि त्यात महिना घालवतात. कष्टाची दिसली तरी ती चालढकलच आहे. एका पानावरचे दर पुरतात.

पैसे मागायला फोन उचलवत नाही

*अंबडला आमचा कोरुगेटेड बॉक्सचा कारखाना आहे. माल वेळेवर देते, बिल वेळेवर करते, पण वसुलीचा फोन रोज उद्यावर जातो. मागितले तर संबंध बिघडतील असं वाटतं. सध्या ११ लाख बाहेर अडकले आहेत, त्यातले काही सात महिन्यांपूर्वीचे. — उद्योजिका, नाशिक*

ताई, आधी या टाळण्याची किंमत मोजा. कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून घेतलेल्या खेळत्या कर्जाचं, व्याज ११ टक्के धरलं तर ११ लाखांवर महिन्याला साधारण १०,००० रुपये तुम्ही बँकेला देता. शिवाय त्या बिलांचा जीएसटी तुम्ही केव्हाच भरून बसला आहात, कारण तो बिलावर भरावा लागतो, पैसे आल्यावर नव्हे. म्हणजे पार्टीने तुमच्याकडून बिनव्याजी कर्ज घेतलं आहे आणि संकोच तुम्ही करता आहात.

फोन जड जातो, कारण तो ‘पैसे मागण्याचा’ फोन आहे असं तुम्ही धरून चालता. पहिला फोन तसा नसावाच. तो करा बिलाची मुदत संपायच्या सात दिवस आधी, मालकाला नव्हे तर अकाउंट्समध्ये, आणि विचारा: ‘आमचं अमुक नंबरचं बिल बुक झालंय का? काही कागद कमी आहे का?’ बस्स. पुष्कळ बिलं द्यायची नाहीत म्हणून अडत नाहीत. पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर चुकलेला असतो, माल मिळाल्याची नोंद स्टोअरने पुढे पाठवलेली नसते, बॉक्सची संख्या चलनात ५०० आणि बिलात ५२० असते. हे सातव्या महिन्यात कळण्यापेक्षा तेविसाव्या दिवशी कळलं तर दोघांचंही भलं होतं. आणि या वाक्यात मागणं नाही, त्यामुळे ते तोंडातून सहज निघतं.

दुसरा फोन मुदतीनंतर तिसऱ्या दिवशी: ‘बिल बुक आहे, मुदत १२ तारखेला झाली. या आठवड्याच्या पेमेंट यादीत आहे का? कोणत्या दिवशी निघेल?’ दिवस सांगितला की तो वहीत लिहा आणि फोन ठेवताच व्हॉट्सॲपवर पाठवा: ‘बोलल्याप्रमाणे शुक्रवारी पेमेंट अपेक्षित, धन्यवाद.’ तिसरा फोन त्या शुक्रवारी दुपारी. इथेच बहुतेक जण ढिले पडतात. सांगितलेल्या दिवशी फोन आला नाही तर ही बाई विसरते, हे समोरच्याला कळून चुकतं.

फोन रोज नकोत. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी ११ ते ११.४५, एवढंच. त्याआधी टॅलीमधून बाकीची यादी वयाप्रमाणे काढा: ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ४५, ४६ ते ९०, त्यापुढची. फोनची सुरुवात सगळ्यात अवघड पार्टीपासून करू नका. ३१ ते ४५च्या यादीतल्या सरळ माणसापासून करा. दोन फोन नीट झाले की तिसरा जड जात नाही. सात महिन्यांची बिलं त्यानंतर घ्या, आणि ती फोनवर नव्हे, भेटून. बिल, चलन, पीओ आणि खातेउतारा हातात ठेवून. ‘एवढी बाकी बरोबर आहे’ अशी खातेउताऱ्यावर सही-शिक्का घ्या. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत तीन वर्षं असते. ती संपायच्या आत मिळालेल्या अशा लेखी कबुलीने मुदत नव्याने सुरू होते.

कायदा तुमच्या बाजूचा आहे, तो माहीत असू द्या. २००६च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर त्यातल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. पीओवर ‘९० दिवस’ छापलं म्हणून ४५ची मर्यादा हलत नाही. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागतं. आणि कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून प्राप्तिकरात अशी तरतूद आहे की या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, ज्या वर्षी देईल त्या वर्षीच धरता येते. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी पाठवलेलं साधं पत्र, ‘आमची उद्यम नोंदणी अमुक, लघु उद्योग, बाकी अमुक’, थेट त्यांच्या सीएच्या टेबलावर पोचतं. उद्यम क्रमांक, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, प्रत्येक बिलावर छापा. नोंदणी माल देण्याच्या आधीची असू द्या. मात्र निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी असली तरी या वसुलीच्या तरतुदींचा आधार मिळत नाही. तुम्ही उत्पादक आहात, तुम्हाला मिळतो.

या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचा निवाडा करणाऱ्या सरकारी मंडळाकडे, तक्रार हा शेवटचा रस्ता. कायद्यात निकालासाठी ९० दिवस लिहिले आहेत, प्रत्यक्षात जास्त लागू शकतात. खरेदीदाराला निकालाविरुद्ध जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. त्या टप्प्यावर तो ग्राहक राहणार नाही हे धरून चाला. पण दर मंगळवार-गुरुवार पाळलात तर तिथपर्यंत जायची वेळ क्वचितच येईल.

खणातली बिलं

*लातूरला हार्डवेअरचं दुकान आहे. खरेदीची बिलं गल्ल्याखालच्या खणात टाकतो. महिन्याच्या १० तारखेला अकाउंटंटचा फोन येतो आणि मग रात्र रात्र शोधाशोध. आता मागचीही तीनेकशे बिलं साठली आहेत. — दुकानदार, लातूर*

तारखा तुम्हाला ठाऊक आहेत: मासिक विवरण असेल तर जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) पुढच्या महिन्याच्या ११ला, ३बी (कर भरण्याचं विवरण) २०ला. पण तुमच्या खणाचं नातं १४ तारखेशी आहे. त्या दिवशी २बी (तुमच्या नावावर दाखवलेल्या खरेदीची यादी) तयार होतं आणि पुरवठादाराने तुमचं बिल दाखवलं की नाही ते कळतं. बिल खणात असेल तर ताडून पाहणार कशाशी? दाखवलं नसेल तर क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) नाही, आणि त्याला फोन करायला २०पर्यंत सहाच दिवस हातात. उशिराची फी दिवसाला ५० रुपये, काहीच उलाढाल नसेल तर २०. दीड कोटीपर्यंत उलाढाल असेल तर एका विवरणाला ती २,००० रुपयांच्या पुढे जात नाही. थकलेल्या करावर १८ टक्के व्याज वेगळं. पाच कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तिमाही योजनाही घेता येते. महाराष्ट्रात तिचं ३बी तिमाहीनंतर २२ तारखेला असतं. पण पहिल्या दोन महिन्यांचा कर २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. खण भरायची सवय तशीच राहिली तर तिमाही योजनेत एका महिन्याऐवजी तीन महिन्यांचा ढीग होईल, एवढं ध्यानात ठेवा.

खणाला झाकण असतं, हाच त्याचा दोष. त्याऐवजी गल्ल्याच्या वर भिंतीला तारेचा हुक लावा. बिल आलं की मोबाइलवर फोटो, अकाउंटंटला व्हॉट्सॲप, मग हुकात. तीन हालचाली, अर्धं मिनिट, गिऱ्हाईक समोर असलं तरी जमतं. हुक डोळ्यांसमोर असतो आणि भरत चाललेला दिसतो.

साठलेल्या तीनशेंसाठी वेळ सकाळची, शटर अर्धं असताना. पूर्ण उघडलं की गिऱ्हाईक आलंच. अर्ध्या तासात वीस बिलं होतात, म्हणजे पंधरा दिवसांचं काम. सगळ्यात जुन्या बिलापासून सुरुवात केली तर चालू महिन्याचं पुन्हा साठतं आणि चौथ्या दिवशी माणूस सोडून देतो, म्हणून आधी चालू महिना. त्यानंतर गेल्या आर्थिक वर्षाची बिलं वेगळी काढा, कारण त्यांचं क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं, आणि त्या वर्षाचं वार्षिक विवरण आधी भरलं असेल तर तेवढीही सवड नाही. बाकीची मग सावकाश.

दडपण आलं की काम चांगलं होतं, नाही का?

*मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे. सोसायट्यांची ऑडिट करतो. साइटवरचं काम झटपट, पण रिपोर्ट शेवटच्या दोन रात्रींत. मला वाटतं मी दडपणाखालीच चांगलं काम करतो. बायको म्हणते, ही पळवाट आहे. — अभियंता, सांगली*

वहिनींचं बरोबर आहे. डायॅन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात टाळणारे सुरुवातीला निवांत होते, शेवटी मात्र इतरांपेक्षा जास्त ताणात आणि जास्त आजारी होते, आणि त्यांचे गुणही कमी आले. दडपणात काम *संपतं*, म्हणून ते चांगलं झाल्यासारखं वाटतं. तुमच्या बाबतीत हा प्रश्न गुणांपुरता नाही. तुमच्या सहीवर एखादी गच्ची रिकामी होते किंवा होत नाही.

अडतं कुठे, ते बहुधा फोटोंत सापडेल. एका इमारतीचे दोन-अडीचशे फोटो मोबाइलमध्ये असतात, नाव कशालाच नाही. तीन आठवड्यांनी सज्जाची भेग ३०२ची की ४०२ची हे आठवत नाही. मग फाइल उघडायचीच नको वाटते. उपाय साइटवरच आहे: प्रत्येक फ्लॅटमध्ये शिरताना पहिला फोटो दारावरच्या नंबरचा. बीम-कॉलमजवळ खडूने खूण आणि ती फोटोत. त्याच दिवशी संध्याकाळी मजल्याप्रमाणे फोल्डर. ऑडिटची तारीख देतानाच दुसऱ्या दिवसाचा पहिला अर्धा भाग त्याच रिपोर्टसाठी राखून ठेवा, तिथे दुसरी साइट घेऊ नका.

लिहायला प्रस्तावनेपासून बसू नका. आधी तक्ते भरा: रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ-सेल, कोअर या काँक्रीटच्या चाचण्यांचे निकाल. त्यात विचार लागत नाही, आकडे उतरवायचे असतात, आणि ते भरताना निष्कर्ष आपोआप डोक्यात तयार होतो. प्रस्तावना शेवटी. उठताना पुढचं वाक्य अर्धं लिहून ठेवा आणि शेजारी एक ओळ: ‘आता जिन्याच्या तिरक्या स्लॅबचं लिहायचं.’ सकाळी सुरुवात शोधावी लागत नाही.

वेळेचा अंदाज तुमचा चुकणारच, सगळ्यांचा चुकतो. रॉजर ब्युलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी उत्तर ३३.९ दिवस आलं, प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणून ‘किती लागेल’ असं मनाला विचारू नका. मागच्या तीन रिपोर्टांना किती तास लागले ते बघा आणि तेच धरा. आणि सोसायटीला एक तारीख देण्याऐवजी तीन द्या: तपासणीनंतर चौथ्या दिवशी चाचण्यांचे तक्ते, दहाव्या दिवशी मसुदा, अठराव्याला अंतिम. डॅन एरिएली आणि क्लाउस वर्टनब्रॉक यांच्या २००२ च्या प्रयोगात मुद्रितशोधनाचं काम सारख्या अंतराच्या मुदतींवर दिलेल्या लोकांनी सगळ्यात जास्त चुका पकडल्या. सगळं शेवटच्या एकाच दिवशी द्यायचं होतं, ते मागे पडले.

कामगाराशी बोलायचं राहून जातंय

*बारा वर्षं जुना माणूस आहे. वर्षभर उशिरा येतो, इतरही आता तसंच करू लागलेत. बोलायचं ठरवतो आणि दुसरंच बोलून परत येतो. — बेकरीमालक, सावंतवाडी*

भाषण मनात तयार करताय, म्हणून अडतंय. तीन वाक्यं कागदावर लिहा. एक, घडलेलं, तारखांसह: ‘या महिन्यात ३, ९, १४ आणि २१ला तुम्ही साडेसातनंतर आलात.’ दोन, परिणाम: ‘पावाचा पहिला घाणा उशिरा निघतो आणि टपरीवाले दुसरीकडे वळतात.’ तीन, प्रश्न: ‘काय अडचण आहे?’ आणि मग गप्प राहा. बारा वर्षांच्या माणसाच्या घरी काहीतरी बदललेलं असू शकतं, ते ऐकणं तुमचं देणं आहे. दिवस बुधवार घ्या, भट्टी लागल्यानंतर, एकट्याला बाजूला घेऊन. पगाराच्या दिवशी किंवा चारचौघांत नको. दहा मिनिटं पुरतात. निघताना वेळ ठरवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बसायचं हेही तेव्हाच सांगा.

हे दुखणं तर नाही ना?

*मी घरून ग्राफिक डिझाइनची कामं घेते. नेहमी सांगितले जाणारे सगळे उपाय करून पाहिले. दोन दिवस चालतात. क्लायंटचे मेसेज उघडायचीच भीती वाटते, मग स्वतःचीच लाज. — डिझायनर, बंगळूर*

असू शकतं, आणि तपासून घेण्यात काही कमीपणा नाही. स्वतःला तीन गोष्टी विचारा. लक्ष न लागणं, वस्तू हरवणं, अर्धवट सोडणं हे शाळेपासून आहे का, आणि कामातच नव्हे तर घरातही? प्रौढांमधल्या एडीएचडीचं (लक्ष टिकवता न येण्याच्या विकाराचं) निदान करताना लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे डॉक्टर पाहतात. की हे अलीकडचं आहे, आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास आहे, आवडीच्या गोष्टीतही रस नाही, झोप-भूक बिघडली आहे? तसं असेल तर नैराश्याची तपासणी हवी. तिसरं, अंगातच ताकद नाही असं वाटतं का? मग आधी फॅमिली डॉक्टरांकडे हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ पाहून घ्या. मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही.

लाजेबद्दल एक सांगायलाच हवं. मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिल्या परीक्षेच्या अभ्यासाची टाळाटाळ केलेले विद्यार्थी पाहिले. ज्यांनी त्याबद्दल स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली. लाज ढकलत नाही, ती त्या मेसेजला आणखी भीतिदायक करते. तेव्हा आज सगळे मेसेज उघडू नका. एकच उघडा, सगळ्यात जुन्या क्लायंटचा, आणि एवढंच लिहा: ‘उशीर झाला, माफ करा. काम अर्धं झालं आहे. पहिला नमुना सोमवारी दुपारी पाठवते.’ कारणं देऊ नका. खरोखर जमेल तोच वार लिहा, मग तो दहा दिवसांनंतरचा असला तरी चालेल. डॉक्टरांची वेळही आजच घ्या. फोन करणं जड जात असेल तर घरातल्या किंवा मैत्रिणींपैकी कुणाला तरी तेवढा फोन करायला सांगा.